कणाचं माप, आकाशाचा रंग

१८६८-६९च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल हा आयरिश भौतिकशास्त्रज्ञ एका लांब काचेच्या नळीवर प्रयोग करत होता. नळीतली हवा काढून टाकायची, आत एखाद्या सेंद्रिय द्रवाची अगदी जराशी वाफ सोडायची आणि एका टोकाकडून प्रखर विद्युतदिव्याचा झोत टाकायचा. प्रकाशाने वाफेत रासायनिक बदल घडून अतिसूक्ष्म कण धरायला लागत. पहिल्यांदा नळीत काहीच दिसत नसे. थोड्या वेळाने झोताच्या वाटेवर निळी झाक उमटे. अंधाऱ्या खोलीत बाजूने पाहणाऱ्याला ती आकाशाच्या निळाईसारखी भासे. मग कण हळूहळू वाढत, तसतशी निळाई फिकटत जाई आणि शेवटी नळीत नुसतं पांढरं धुकं उरे.

वाफ तीच, दिवा तोच, नळीही तीच. बदललं ते फक्त कणांचं माप. आकाशातल्या बहुतेक रंगांचं मर्म एवढ्यात आलं. आकाशाला स्वतःचा रंग नाही. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशाच्या वाटेत केवढे कण आले, यावर तो ठरतो. रेणूपासून पावसाच्या थेंबापर्यंत ही मापांची शिडी चढत गेलं, की निळं दुपारचं आकाश, तांबडी संध्याकाळ, पांढरे ढग आणि इंद्रधनुष्य एकेका पायरीवर भेटत जातात.

पहिली पायरी : रेणू

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी जांभळ्या टोकाला सुमारे ४०० नॅनोमीटर, तर तांबड्या टोकाला सुमारे ७०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू जेमतेम एक तृतीयांश नॅनोमीटरचे, म्हणजे प्रकाशाच्या लहरीपुढे हजारपटीहून लहान. एवढा चिमुकला रेणू लहरीला अडवू शकत नाही. लहर त्याच्यावरून जाताना त्यातले इलेक्ट्रॉन मात्र तिच्या तालावर हेलकावतात, आणि हेलकावणारा विद्युतभार स्वतःच सगळ्या दिशांना प्रकाश फेकू लागतो. यालाच प्रकाशाचं विकिरण म्हणतात.

हेलकावे जितके जलद, तितका जास्त प्रकाश फेकला जातो. निळ्या प्रकाशाची लहर आखूड असल्याने तिची कंपनं जलद असतात. १८७१ साली जॉन विल्यम स्ट्रट या इंग्रज शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झाला तो हाच. त्याचा नियम असा : लहरीपेक्षा खूप लहान कणांकडून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे लांबी निम्मी झाली, की विकिरण सोळापट. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चारपटीहून जास्त विखुरतो. सूर्यापासून दूर, आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्याकडे आपण पाहतो, तेव्हा तिथून डोळ्यांत येणारा प्रकाश असा वाटेतून बाजूला फेकलेला असतो. त्यात निळ्याचा भरणा असतो. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे भर दिवसाही आकाश काळंच दिसतं.

इथे चौकस वाचक विचारील, चौथा घातच लावायचा तर जांभळा प्रकाश निळ्याहूनही जास्त विखुरायला हवा, मग आकाश जांभळं का नाही? जांभळा प्रकाश खरोखरच जास्त विखुरतो. पण सूर्याच्या प्रकाशातच त्याचं प्रमाण निळ्यापेक्षा कमी असतं आणि आपला डोळाही त्याला कमी दाद देतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोळा एकेक तरंगलांबी सुटी वाचत नाही. दृष्टिपटलावरच्या तीन प्रकारच्या शंकुपेशींना मिळणाऱ्या संकेतांचा मेळ घालून मेंदू रंग ठरवतो. आकाशातून येणाऱ्या मिश्रणात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळंच थोडंफार असतं. या मिश्रणाने शंकुपेशींवर होणारा परिणाम आणि शुद्ध निळ्यात थोडा पांढरा मिसळल्यावर होणारा परिणाम जवळजवळ एकच असतो. अशा वेळी मेंदूचा निवाडा ठरलेला : फिकट निळा. या अर्थाने आकाशाच्या निळाईत काही वाटा आपल्या डोळ्यांचाही आहे.

धूळ नको, हवाच पुरे

टिंडलच्या नळीत कण तयार करावे लागले होते. त्यामुळे आकाशातही कसले तरी तरंगते सूक्ष्म कण असलेच पाहिजेत, असं बराच काळ मानलं गेलं. रॅलेने १८९९ साली या प्रश्नाला पुन्हा हात घातला. हवेत धुळीचा कणही नसला तरी खुद्द हवेच्या रेणूंकडून किती प्रकाश विखुरेल, याचा हिशेब त्याने केला. शुद्ध हवेतून दूरचं किती दिसावं, हे पडताळण्यासाठी त्या निबंधात त्याने दार्जिलिंगच्या परिसरातून शंभर मैलांवर दिसणाऱ्या एव्हरेस्टचा दाखला दिला. एवढ्या अंतरावरूनही शिखर बऱ्यापैकी उजळ दिसतं. त्याचा निष्कर्ष होता, की निळाईसाठी उपऱ्या कणांची गरज नाही, तिचा मोठा भाग हवेचे रेणूच पुरवतात.

एक बारीक अडचण मात्र उरत होती. रेणू अगदी समान अंतरावर, कवायतीला उभे केल्यासारखे मांडलेले असते, तर त्यांनी बाजूला फेकलेल्या लहरींनी एकमेकींना खोडून टाकलं असतं आणि बाजूला काहीच गेलं नसतं. प्रत्यक्षात हवेचे रेणू सैरावैरा धावत असतात, त्यामुळे क्षणोक्षणी कुठे दाटी होते, कुठे विरळ. घनतेतल्या या चढउतारांमुळे खोडाखोड अपुरी राहते आणि प्रकाश विखुरतो. पोलंडचा स्मोलुकोव्स्की आणि त्यापाठोपाठ १९१० साली आइनस्टाइन यांनी हा धागा गणिताने पक्का केला. हा विचार द्रवांनाही लागू पडतो, आणि तिथून पुढची गोष्ट मुंबई बंदरात येऊन पोचते.

सप्टेंबर १९२१मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, असं रॅलेचं मत होतं आणि ते सर्वमान्य होतं. भूमध्य समुद्राची गर्द निळाई पाहून रामन यांना ते पटेना. त्यांच्याकडे निकोल प्रिझम नावाचं छोटं उपकरण होतं. पाण्यावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच प्रतलात होतात. प्रिझम योग्य दिशेने फिरवला, की तो प्रकाश गाळला जातो. रामन यांनी बोटीवरून तसं करून पाहिलं. प्रतिबिंब नाहीसं झालं, समुद्राची निळाई मात्र उरली, उलट जास्तच खुलली. म्हणजे तिचा उगम पाण्याच्या आत होता. ‘नेचर’ नियतकालिकासाठी त्यांनी लिहिलेल्या टिपणावर पत्ता आहे ‘नारकुंडा’ बोट, मुंबई बंदर. पाणी तांबडा प्रकाश शोषतं, याचाही समुद्राच्या निळाईत मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. पण द्रवांतल्या विकिरणाचा रामन यांनी इथून जो पाठपुरावा सुरू केला, त्यातून २८ फेब्रुवारी १९२८ला रामन परिणाम हाती लागला आणि १९३०चं नोबेल पारितोषिक मिळालं.

निकोल प्रिझमची गरज आज उरलेली नाही. पोलराइड गॉगल पुरतो. सूर्य मावळायच्या बेतात असताना त्याच्याकडे पाठ वा तोंड न करता डोक्यावरच्या आकाशाकडे पाहा आणि गॉगलची काच डोळ्यासमोर हळूहळू फिरवा. निळाई एकदा गडद, एकदा उजळ होते. सूर्यापासून ९० अंशांवर विखुरलेला प्रकाश सर्वांत जास्त ध्रुवित असतो. मावळतीच्या वेळी असा प्रकाश देणारा आकाशाचा पट्टा उत्तरेकडून दक्षिणेकडे डोक्यावरून गेलेला असतो. टिंडलने आपल्या नळीतल्या निळ्या झाकीतही हेच पाहिलं होतं. मधमाश्या तर दिशा शोधायला आकाशातल्या या ध्रुवित प्रकाशाचा उपयोग करतात.

तांबडं फुटतं तेव्हा

तांबड्या रंगासाठी वेगळा नियम लागत नाही. सूर्य डोक्यावर असताना त्याचा प्रकाश वातावरणातून सर्वांत जवळच्या वाटेने येतो. क्षितिजावर असताना त्याला तिरपं यावं लागतं आणि साधारण ३८पट हवा ओलांडावी लागते. स्वच्छ हवेत डोक्यावरच्या सूर्याच्या निळ्या प्रकाशापैकी सुमारे एक पंचमांश वाटेत विखुरतो. क्षितिजावरच्या सूर्याचा निळा प्रकाश जवळजवळ सगळाच गळून पडतो, तांबड्याचा मात्र साधारण सहावा हिस्सा पोचतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मावळता सूर्य शेंदरी दिसतो, तेव्हा त्याच्या प्रकाशातला निळा भाग पश्चिमेला अरबी समुद्रावर, जिथे अजून उजेड आहे, तिथल्या आकाशात वाटला गेलेला असतो.

भर दुपारीही क्षितिजाजवळचं आकाश पांढुरकं का दिसतं, याचं उत्तर याच हिशेबात आहे. त्या दिशेला हवेचा थर इतका जाड असतो, की प्रकाश पुन्हापुन्हा विखुरतो. दूरवरून निघालेला निळा वाटेत गळत जातो, जवळचा येऊन मिळतो आणि सगळ्या रंगांची बेरीज पांढऱ्याकडे झुकते.

सूर्य बुडाल्यावरच्या अर्ध्यापाऊण तासात मात्र नियमाला एक जोडीदार मिळतो. दिवेलागणीला डोक्यावरचं आकाश गडद निळं होतं. निव्वळ विकिरणाचा हिशेब केला, तर ते तसं व्हायला नको. या वेळी प्रकाश फार लांबची तिरपी वाट काटून आलेला असतो, त्यातला निळा आधीच गळालेला असतो, त्यामुळे माथ्यावरचं आकाश पिवळट-करडं दिसायला हवं. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या एडवर्ड हलबर्टने १९५३ साली हे कोडं सोडवलं. उत्तर होतं ओझोन. हा वायू अतिनील किरण शोषतो हे सर्वांना माहीत असतं. नारिंगी-पिवळ्या प्रकाशाचंही तो थोडं शोषण करतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. दिवसा याचा परिणाम जाणवत नाही, कारण सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणला तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. संधिप्रकाशात मात्र सूर्यकिरण ओझोनच्या थरातून शेकडो किलोमीटर आडवे जातात आणि नारिंगी-पिवळा छाटला जाऊन पुन्हा निळा वर येतो. सूर्यास्ताच्या क्षणी डोक्यावरच्या निळाईत दोनतृतीयांश वाटा ओझोनचा असतो, असं हलबर्टने दाखवलं.

मधली पायरी : जेव्हा कण लहरीएवढा होतो

रॅलेचा चौथा घात कण फार लहान असतानाच खरा. समुद्राची लाट पाण्यात रोवलेल्या बारीक खुंट्यावरून बिनदिक्कत पुढे जाते, पण तिच्याएवढ्याच लांबीचा खडक मध्ये आला की पाण्याची हालचाल फार गुंतागुंतीची होते. प्रकाशाचंही तसंच. कण अर्ध्या-एक मायक्रॉनचा, म्हणजे साधारण लहरीएवढा झाला, की निळ्या-तांबड्याचं साधं प्रमाण कोलमडतं आणि प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेलाच विखुरू लागतो. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी याने १९०८ साली कोणत्याही मापाच्या गोल कणासाठी चालणारं गणित दिलं. तो आकाशाच्या मागे लागलेला नव्हता. पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांचे रंग त्याला उलगडायचे होते.

या मधल्या मापाचे कण बहुधा लहानमोठे मिसळलेले असतात. त्यामुळे त्यांचे परिणाम एकमेकांत मुरतात आणि आकाश नुसतं धुरकट पांढरं दिसतं. उन्हाळ्यात विदर्भाचं आकाश असं असतं. हिवाळ्यात मुंबईवरही तसं दिसतं, कारण तिथे दमट हवेतले क्षारांचे आणि धुराचे कण ओलावा पिऊन फुगतात. उलट मोसमी पावसाने हवा धुऊन काढल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडीप झाली, की जास्त करून रेणूच उरतात आणि आकाश झळझळीत निळं होतं.

क्वचित मात्र एकसारख्या मापाचे कण दाटीने जमतात, आणि मग अघटित दिसतं. २६-२७ ऑगस्ट १८८३ला आजच्या इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि गंधकयुक्त वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन पृथ्वीभोवती फिरले. सप्टेंबरमध्ये श्रीलंका आणि मद्रासकडच्या लोकांनी हिरवा-निळसर सूर्य पाहिला. काही आठवड्यांनी युरोप-अमेरिकेत सूर्यास्तानंतर आकाश इतकं लाल पेटू लागलं, की नोव्हेंबरअखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात आग लागल्याचं समजून बंब धावले. या साऱ्या नोंदी गोळा करून लंडनच्या रॉयल सोसायटीने १८८८ साली मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे सप्टेंबर १९५०मध्ये कॅनडातल्या जंगलवणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडवर आला, तेव्हा तिथेही सूर्य निळा दिसला. दोन्ही वेळी कारण एकच. साधारण एक मायक्रॉनच्या एकसारख्या कणांकडून तांबडा प्रकाशच निळ्यापेक्षा जास्त विखुरतो आणि सूर्याच्या दिशेने सरळ येणाऱ्या प्रकाशात निळा वरचढ ठरतो.

वरच्या पायऱ्या : धुकं, ढग आणि पाऊस

ढगातला जलबिंदू साधारण २० मायक्रॉनचा, प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा. तो सगळ्या रंगांना जवळपास सारखाच विखुरतो, म्हणून ढग पांढरा. पावसाळी ढगाचं पोट काळं दिसतं ते पाण्याच्या रंगामुळे नव्हे. ढग काही किलोमीटर जाड असतो, वरून शिरलेला प्रकाश वरच्या आणि बाजूच्या अंगांनीच परत फिरतो आणि तळाशी फार थोडा पोचतो. विमानातून पाहिलं, तर तोच ढग डोळे दिपवील इतका शुभ्र असतो.

या मापाच्या बिंदूंची एक करामत सह्याद्रीत पाहायला मिळते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, पाठीमागे खाली आलेला सूर्य आणि समोर दरीतून चढणारं धुकं असा योग जुळला, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत गोल कडी उमटते. हेच इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल विल्यम साइक्सने दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात याचं वर्णन केलं. तो निबंध १८३५ साली रॉयल सोसायटीने छापला. त्यात कड्याच्या टोकावर उभ्या साइक्सच्या स्वतःच्या, घोड्याच्या आणि बरोबरच्या माणसांच्या सावल्या त्या वर्तुळात चित्रासारख्या दिसल्याची नोंद आहे. धुक्याच्या बिंदूंकडून प्रकाश थेट उलट दिशेला परततो, त्यातून ही कडी बनते. कडीचं केंद्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या सावलीपाशी असतं. म्हणून शेजारी उभे असलेले दोघे आपापल्या सावलीच्या डोक्याभोवतीच कडी पाहतात. बिंदू जितके लहान, तितकी ती मोठी. साइक्सने पांढऱ्या इंद्रधनुष्यांचाही उल्लेख केला आहे. त्यांचा उलगडाही मापातच आहे.

पावसाचा थेंब एकदोन मिलिमीटरचा असतो. एवढ्या मोठ्या थेंबात प्रकाशाची वाट सरळ रेषांनी काढता येते. आत शिरताना अपवर्तन, मागच्या भिंतीवरून परावर्तन, बाहेर पडताना पुन्हा अपवर्तन. या वाटेने बाहेर पडणाऱ्या तांबड्या प्रकाशाची गर्दी सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून ४२ अंशांवर होते, जांभळ्याची सुमारे ४० अंशांवर. त्यामुळे सूर्य ४२ अंशांहून वर असला, तर सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी ते पूर्वेला दिसतं, भर दुपारी कधीच नाही. थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान होत गेले, की प्रकाशाचं लहरीपण डोकं वर काढतं, रंगांचे पट्टे रुंदावून एकमेकांवर चढतात आणि कमान पांढरी पडते. साइक्सची पांढरी धनुष्यं धुक्याच्या अशाच बारीक बिंदूंची.

मंगळावरची परीक्षा

नियम खरा असेल, तर दुसऱ्या ग्रहावरही तो चालायला हवा. मंगळाच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथे रेणूंची निळाई नावापुरती. हवेत सतत तरंगते ती सुमारे दीड मायक्रॉनची, लोहाच्या ऑक्साइडने माखलेली धूळ. जुलै १९७६मध्ये व्हायकिंग-१ यानाने तिथून रंगीत चित्र पाठवलं, तेव्हा पृथ्वीवर ते पहिल्यांदा तयार करताना आकाश निळसर आलं. यानाबरोबर पाठवलेल्या रंगपट्टीशी ताडून पाहिल्यावर ते दुरुस्त झालं आणि आकाश गुलाबी-पिवळसर निघालं. ही दुरुस्ती जाहीर झाली, तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी चक्क नाराजीचे आवाज काढले. सूर्यास्ताला तिथे उलटा प्रकार. मावळत्या सूर्याभोवतीचं आकाश निळं होतं, कारण धुळीचे कण निळा प्रकाश पुढच्या दिशेच्या अरुंद टापूत जास्त नेटाने पाठवतात. स्पिरिट यानाने २००५मध्ये आणि क्युरिऑसिटी यानाने २०१५मध्ये असे निळे सूर्यास्त टिपले.

रंगावरून कण

कणांवरून रंग सांगता येतो, तर रंगावरून कणही ओळखता यायला हवेत. स्वीडनच्या अँडर्स आंग्स्ट्रॉमने १९२९ साली यासाठी सोपी कसोटी दिली. निरनिराळ्या तरंगलांबींवर सूर्यप्रकाश किती मंदावतो ते मोजायचं आणि लांबीबरोबर हे मंदावणं किती झपाट्याने बदलतं, त्याचा घातांक काढायचा. शुद्ध रेणूंसाठी तो चार. बारीक धुरासाठी तो दीड-दोनच्या आसपास येतो, वाळवंटी धुळीसाठी शून्याजवळ. आज जगभर बसवलेली सूर्यप्रकाशमापकं हाच घातांक काढून त्या दिवशीच्या हवेत धूर जास्त आहे की धूळ, ते सांगतात.

उपकरण नसताना करता येणारी एक ढोबळ चाचणीही आहे. इमारतीच्या कोपऱ्याआड असं उभं राहा, की सूर्यबिंब पूर्ण झाकलं जाईल. सूर्याकडे थेट कधीही पाहू नका. आता कोपऱ्यालगतचं आकाश पाहा. निळाई कडेपर्यंत भिडलेली असेल, तर हवेत रेणूंशिवाय फारसं काही नाही. झाकलेल्या सूर्याभोवती पांढरं, डोळे दिपवणारं वलय पसरलेलं असेल, तर प्रकाश पुढे ढकलणारे मोठे कण हवेत आहेत, आणि आपण श्वासातून तेच आत घेत आहोत.